चार चौबारे

बीदरला मुलींच्या शाळेत नववीचा वर्ग नुकताच निघाला होता. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण तेवढ्यावर शाळेच्या पाटीवर हायस्कूल असा शब्द चढला होता, आणि ती पाटी बघायला निम्म्या मुलींना मिळालेली नव्हती, कारण पाटी रस्त्याच्या बाजूला होती आणि मुली बंडीतून उतरायच्या त्या थेट आतल्या अंगणात.

निजामाचं राज्य होतं. शिकवणं उर्दूत, सुटी शुक्रवारी, आणि मुलींना आणायला शाळेची बैलबंडी. बंडीला वर छत, चारी बाजूंनी हिरवा जाड पडदा. नागव्वा नावाची एक धिप्पाड बाई बंडीबरोबर चालायची. दारादाराशी ती 'बंडी आलीऽऽ' अशी हाळी द्यायची आणि मुलगी उंबऱ्यातून निघून आत चढेपर्यंत दोन्ही हातांनी चादर ताणून उभी राहायची. बैल शहाणे होते. कुठल्या दाराशी थांबायचं ते त्यांना सांगावं लागत नसे.

कचेरीतल्या नरहरराव पेशकारांची वृंदा बंडीत सगळ्यांत मागे बसायची. तिथं पडद्याची शिवण थोडी उसवलेली होती. त्या फटीला डोळा लावला की मागे पळणारा रस्ता दिसायचा. गाव तिला समोरून कधी भेटलंच नाही. जे दिसायचं ते निघून जाताना दिसायचं: एखादं दार, दारातलं शेळीचं करडू, हलवायाची कढई, चिंचेची सावली. नीट बघावं तोवर ते लहान होऊन वळणाआड जायचं. काळ्या भांड्यांवर चांदीची नक्षी ठोकणाऱ्या बिदरीवाल्यांच्या गल्लीत बारीक हातोड्यांची टिकटिक सुरू व्हायची आणि संपायची. ते कारागीर तिनं पाहिले नव्हते, पण प्रत्येकाला तिनं आपल्या मनानं एक तोंड देऊन टाकलं होतं. एकाला तर दाढीसुद्धा दिली होती. पोर तशीच होती. बसल्या जागी मनातले मांडे खायची आणि कुणी हाक मारली की झोपेतून उठल्यासारखी बघायची.

भूगोल शिकवायला सुमतीबाई होत्या. हैदराबादेहून आलेल्या, डोळ्यांना चष्मा, फर्ड्या उर्दूत शिकवायच्या आणि रागावल्या की मराठीत यायच्या. घोकंपट्टीचा त्यांना भारी तिटकारा. एक दिवस त्यांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला.

"जग राहू द्या बाजूला. कुठं पळून जात नाही ते. आधी आपलं गाव काढा. घरापासून शाळेपर्यंत, जिनं तिनं आपापला रस्ता."

कागदावर नाही, जमिनीवर. वर्गात शहाबादी फरशी होती, गार आणि काळी. मुलींनी रांगोळी आणली आणि पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या. चिमटीतून पांढऱ्या रेघा सुटायला लागल्या. कुणी मशीद काढली, कुणी आड काढला. मल्लव्वा शहागंजच्या व्यापाऱ्याची, तिनं आधी स्वतःच्या बापाचं दुकान काढलं आणि ते किल्ल्याहून मोठं झालं. वृंदानं रस्ता काढला तो सगळा उलटा. म्हणजे शाळेकडून घराकडं. कारण तिला तो तसाच ठाऊक होता, मागे जाणारा. थंडीचे दिवस होते, उन्हाचा पट्टा खिडकीतून येऊन रांगोळीवर पडला होता, आणि त्या पट्ट्यात बसून वृंदा आपल्याच रस्त्यानं इतकी हळूहळू चालली होती की घंटा झालेली तिला कळली नाही.

सगळं झाल्यावर सुमतीबाईंनी कमरेवर हात ठेवून फरशी बघितली आणि त्यांना हसू आवरेना. गावाच्या मधोमध चौबारा आहे, चार रस्ते येऊन मिळतात त्या ठिकाणचा उंच गोल बुरूज. बीदरमध्ये तो एकच. फरशीवर मात्र चार होते. सुगरा किल्ल्याकडून यायची, तिचा चौबारा एकीकडं, मल्लव्वाचा दुसरीकडं, दुल्हन दरवाज्याकडच्या मुलीचा तिसरीकडं, आणि वृंदा मंगलपेठेची, तिनं आपला चौथा चौबारा पार खिडकीखाली नेऊन ठेवला होता. प्रत्येकीनं आपल्या फटीतून जसा बघितला तसा.

"बाई, मेरा चौबारा इद्दरीच है," सुगरा म्हणाली आणि त्याच्यावर हात ठेवून बसली.

"माझा पुसलाव तर बगा," मल्लव्वा म्हणाली.

भांडण जुंपलं. वृंदा भांडली नाही. चार चौबाऱ्यांचं गाव तिला मनातून फार आवडलं होतं, पण आपल्याला आपलं गाव ठाऊक नाही ही गोष्टही तिला तेव्हाच पहिल्यांदा कळली, आणि ती तिला टोचली. जन्म इथं गेला, आणि घर शाळेच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही!

"हे वरून बघितल्याशिवाय मिटायचं नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "चौबाऱ्यावर चढू. अख्खा वर्ग. घरून परवानगी आणा."

परवानगी म्हणजे काय, हे वृंदाला पक्कं माहीत होतं. तिची थोरली बहीणही याच बंडीतून शाळेत जात होती. एक दिवस वाऱ्यानं पडदा उडाला, पेठेतल्या कुणीतरी अक्काला ओळखलं, आणि संध्याकाळी कचेरीत नरहररावांना कुणी हसत हसत म्हटलं, "काय पेशकारसाहेब, आज पोरीचं दर्शन झालं." दुसऱ्या दिवसापासून बंडी त्यांच्या दाराशी थांबली नाही. पुढच्या वर्षी अक्का भालकीला नांदायला गेली. वृंदाला नववीत घालताना नरहररावांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "मॅट्रिकपर्यंत शीक. कोहिनूर गावची माणसं तुझ्यासाठी विचारायलीत, त्यांना मी थांबवतो. पण रस्त्यातल्या माणसानं तुला बगितलं, घरी येऊन सांगितलं, की त्या दिवशी शाळा संपली बग बाळ. मग मला काही करता यायचं न्हाई."

ते रागानं बोलले नव्हते. त्यामुळे ते खोटं नाही हे तिला कळलं होतं.

तरी त्या रात्री जेवणं चालली असताना तिनं विषय काढला. नरहररावांची आत्या सोजराबाई घरात होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"बुरुजावर? पोरी? नरहरी, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का न्हाई? लग्नाला आलेल्या पोरीला उंचावर उभी करून गावाला दाखवायलास व्हय?"

"दाखवायला न्हाई आत्याआजी," वृंदा म्हणाली, "बगायला."

"तेच की गं. तू बगशील तर तुला न्हाई का बगणार कुणी?"

वृंदानं वडिलांकडं बघितलं. नरहररावांनी ताकाचा भुरका घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बगू."

त्या घरात 'बगू' म्हणजे नाही. नरहरराव आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते. बगू म्हणायचे आणि गोष्ट आपोआप मरायची. रात्री अंथरुणात मात्र वृंदा चौबाऱ्यावर चढली. खाली गाव रांगोळीसारखं पसरलं होतं आणि तिनं बोटानं एक एक रेघ जोडत घर शोधलं. घर सापडायच्या आत झोप लागली. दुसऱ्या रात्री पुन्हा चढली. तेव्हाही घर सापडलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी नरहरराव कचेरीतून आले ते चप्पल काढायच्या आधीच बोलले. वृंदानं त्यांना इतकं खुश क्वचित बघितलं होतं.

"झालं तुमचं काम. शुक्रवारी सकाळी. साहेबांची इजाजत मिळाली. बाकीच्या पोरींच्या बापांनाही मी जाऊन भेटलो, सुगराच्या अब्बांनाही. म्हणलं, बंदोबस्त माझ्याकडं. पडद्याला केसाएवढी फट राहणार न्हाई."

"अण्णा!" एवढंच वृंदाला म्हणता आलं. तिचे डोळे भरून आले. सोजराबाई भिंतीकडं तोंड करून जपमाळ ओढायला लागली, जरा जोरातच.

शुक्रवारी बंडी चौबाऱ्याच्या अगदी दाराला लागली. बंडीपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी कनाती उभ्या होत्या, साहेबांच्या दौऱ्यात तंबूभोवती लावायच्या जाड पांढऱ्या कापडाच्या त्या भिंती. मुली त्यांच्यामधून आत शिरल्या. आत अंधार होता, दगडाचा गारवा होता आणि पारव्यांचा वास होता. जिना गोल गोल वर जात होता. पुढे सुमतीबाई, मागे मुली, एकीनं दुसरीचा पदर धरलेला. कुणी हसलं की ते हसू जिन्यातून वर जाऊन परत खाली यायचं. वृंदा सगळ्यांच्या मागे होती. वळणावळणाला तिला वाटत होतं, आपण चढत नाही, हा बुरूजच आपल्याभोवती हळूहळू फिरतोय. हात भिंतीवरून घासत चालला होता. मध्ये एका भोकातून उजेडाची काडी आत आली होती. तिच्यात धूळ तरंगत होती. वृंदा तिथं थांबली, बोट त्या उजेडात धरलं आणि मग आठवण होऊन घाईनं वर गेली.

वर पोचून बघते तर मुली गप्प उभ्या.

वरसुद्धा कनाती होत्या. कठड्याला बांबू बांधून चारी बाजूंनी पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या भिंती घट्ट ताणल्या होत्या. केसाएवढी फट नव्हती. खाली दगड, चहूकडं कापड आणि वर आभाळ.

"या अल्ला," सुगरा म्हणाली, "ये तो बंडीच है!"

सुमतीबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कनातीकडं बघितलं, जसं काही चष्म्यामुळेच ती दिसत होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "फार मनापासून केलंय गं वृंदा, तुझ्या वडिलांनी."

वृंदानं ते आधीच ओळखलं होतं. कनातीच्या दोऱ्यांच्या गाठी ती ओळखत होती. कचेरीतून घरी आणलेले दप्तराचे गठ्ठे नरहरराव याच गाठीनं बांधायचे. दिसायला पक्की, एक टोक ओढलं की सुटणारी. म्हणजे शिपायाला न सांगता ते स्वतः पहाटे इथं चढले होते, दमेकरी माणूस, आणि एक एक बांबू हलवून बघत सगळी गोल फेरी त्यांनी बांधून काढली होती. पोरींनी गाव बघावं म्हणून! आणि मग बघणार काय, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नसेल. वृंदाला त्यांचा असा राग आला की दातओठ खावेत, आणि त्याच वेळी त्यांच्या त्या गाठींवरून हात फिरवावासा वाटला.

मुली हिरमुसून बसल्या. वारं होतं. कनाती फुगायच्या, मग आत यायच्या. सगळा बुरूज श्वास घेत असल्यासारखं वाटत होतं. आभाळात घारी फिरत होत्या. वृंदा पाठीवर आडवी झाली आणि घारींकडं बघत राहिली. त्यांना दिसत असेल सगळं, चारी रस्ते, एकच चौबारा, आणि वर या पांढऱ्या पेल्यात पडलेल्या मुली. थोडा वेळ ती घारीबरोबर फिरली. मग तिच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय.

खालून आवाज येत नव्हता.

चौबाऱ्याखाली पेठ होती. बंडीतून जाताना याच ठिकाणी सगळ्यांत जास्त कालवा असायचा. भाजीवाल्या, टांगेवाले, तराजूची खणखण, 'हटो हटो'. आज कापडाची फडफड तेवढी ऐकू येत होती. माणसं आहेत की गाव रिकामं झालं?

ती उठून कनातीशी गेली.

"वृंदा," सुमतीबाई म्हणाल्या. त्या थांब असंही म्हणाल्या नाहीत आणि कर असंही नाही. मॅट्रिक, बंडी, हिरवा पडदा, शहाबादी फरशी, सगळं त्या एका दोरीच्या टोकाला होतं आणि ते बाईंनाही ठाऊक होतं. खालून एकानं जरी वर बघितलं तरी संपलं. पण इथवर येऊन कापड बघून परत जायचं, आणि जन्मभर सांगायचं की मी चौबाऱ्यावर चढले होते? तिनं टोक ओढलं.

गाठ सुटली. वृंदानं कनातीची कड बाजूला केली आणि खाली बघितलं.

पेठ माणसांनी भरलेली होती आणि सगळी माणसं पाठमोरी होती. पडद्यातल्या बायका चालल्या की जुन्या वळणाची माणसं भिंतीकडं तोंड फिरवायची. आज सगळ्या चौकानं तोंड फिरवलं होतं. भाजीवाल्या टोपल्यांकडं पाठ करून बसल्या होत्या. टांगेवाला घोड्याच्या मानेवर हात टाकून दुकानाच्या फळ्या बघत होता. एक म्हातारा काठी टेकून भिंतीशी उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. आणि चौकाच्या मधोमध उन्हात, काळा कोट आणि डोक्याला रुमाल, नरहरराव. त्यांचीही पाठ.

कनाती नसत्या तरी कुणी बघणार नव्हतं! वृंदा मोठ्यानं हसली. मग तिनं मान वर केली.

चार रस्ते चारी बाजूंनी येऊन तिच्या पायाशी मिळाले होते. एक किल्ल्याकडून, तांबड्या तटाच्या बाजूनं; एक शहागंजकडून; एक दुल्हन दरवाज्यातून. चौथा त्यांचा, मंगलपेठेचा. तो इतका लहान होता की तिचा विश्वास बसेना. जुन्या मदरशाचा मिनार, त्याच्यावर उरलेल्या निळ्या फरश्या, चिंचांचे गोळे, आणि गावाच्या पलीकडं तांबडी जमीन एकदम तुटली होती. तिथून खाली धुक्यात बुडालेली ज्वारीची शेतं, हळ्ळीखेडकडं गेलेली वाट, आणि त्यापुढं काही नाही, नुसता उजेड. आणि या सगळ्यात, अलीकडं, एका गच्चीवर लाल मिरच्या पसरलेल्या. त्यांच्याच मिरच्या. घर सापडलं.

"इकडं या," ती म्हणाली, "सगळ्याजणी या," आणि दुसरी गाठ ओढली.

वारं तेवढ्याचीच वाट बघत होतं. कनात बांबूसकट उचलली गेली, एकदा आभाळात फडफडली आणि कठड्यावरून खाली सुटली. पांढरं कापड गिरक्या घेत चौकात पडलं ते नरहररावांच्या पुढ्यातच.

नरहरराव वळले. त्यांनी वर बघितलं.

वृंदा कठड्याशी उभी होती. पदर डोक्यावरून उडालेला, केस सुटलेले, भोवती सगळा उजेड. तिला मागं सरता आलं असतं. तिनं ते मनात आणलंही. पण अजून मंगलपेठेच्या पलीकडचं बघायचं राहिलं होतं, आणि शाळा तर संपलीच होती. मग आता डोळे कशाला खाली घालायचे? तिनं वडिलांकडं बघितलं. आपले वडील इतके बुटके आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. ते तोंड उघडं टाकून बघत होते, त्यांनी उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला होता, आणि पोरीला आज पहिल्यांदाच बघावं तसे ते कितीतरी वेळ बघत राहिले. तिच्या मागोमाग सुगरा आली, मल्लव्वा आली, कठड्यावर सगळ्या मुलींची डोकी उगवली.

कापडाच्या आवाजानं चौकात चुळबुळ सुरू झाली. टांगेवाल्यानं मान हलवली. काठीवाला म्हातारा हळूहळू फिरायला लागला.

नरहररावांनी हात खाली घेतला, पोरीकडं पाठ केली, आणि कचेरीत पुकारा करायच्या आवाजात ओरडले,

"कुणी वळू नका! पोरी गाव बगायल्यात!"

म्हातारा होता तिथंच थांबला. वर मुली बोटं दाखवून ओरडत होत्या, हे माझं घर, ते तुझं घर, आणि खाली नरहरराव वाकून कनातीची घडी घालायला लागले.